वर्षावासातलं मेक्सिकन जेवण

मूल, जि. चंद्रपूर,
ता. ८ डिसेंबर २००५

चि. प्रफुल यास,

आईचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघंही खुशाल आहोत. तू, रोशनी आणि बाळ मजेत असाल. आयुष पालथा पडू लागला ही बातमी तू रविवारी फोनवर दिलीस आणि तुझे बाबा चप्पल न घालताच गल्लीभर सांगून आले. त्याला पलंगावर एकटं ठेवू नका. पालथं पडणारं पोर सरकायला वेळ लावत नाही.

दर रविवारी फोन असतो, मग आईनं हे पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू आणि तुझे बाबा बोलता. शेवटी रिसीव्हर माझ्याकडे येतो. तू विचारतोस, “बरी आहेस ना?” मी म्हणते, “बरी आहे.” तेवढ्यात तुझं फोनचं कार्ड संपतं. सप्टेंबरात मी परत आले तेव्हापासून हे कार्ड नेमकं माझ्याच वाट्याला येऊन संपतं. कंपनी बदलून पाहा.

घरी लिहायला बसले तर बाबा शेजारी येऊन बसतात आणि माझं काय चाललंय ते विचारतात. म्हणून शाळेतच मधल्या सुट्टीत लिहिते आहे. बाहेर पोरं ताटल्या घेऊन खिचडीच्या रांगेत उभी आहेत आणि ताटल्या वाजवताहेत. मोठ्या बाईंनी एकदा डोकं बाहेर काढलं की गप्प होतात, आत घेतलं की पुन्हा सुरू. त्यामुळे अक्षर मध्येच वाकडं झालं तर समजून घे.

धान घरी आलं. एचएमटी तांदूळ बरा झाला, फक्त तलावाच्या वरच्या बांधीत शेवटचं पाणी पोचलं नाही म्हणून तिथं पोचट राहिला. बांध्यांत लाखोळी उगवली आहे. कोवळी भाजी खुडून आणते, पण तुझ्यासारखं दोन वेळा मागून खाणारं कोणी नाही. बाबा या महिनाअखेर रिटायर होतात. एकतीस तारखेला चंद्रपूर-गडचिरोली गाडीवर त्यांची शेवटची फेरी. डेपोतले लोक हार घालणार, आणि ते म्हणतात, हार नको, त्या दिवशी गाडी वेळेवर सोडा.

तुझ्याकडे येण्याची त्यांची तयारी तर विचारू नको. बसस्टँडसमोरच्या बाबूभाईंनी कोट शिवला आहे. बाबा म्हणाले थंडी फार असते, म्हणून बाबूभाईंनी आत दोन अस्तरं घातली. आता कोट घातला की हात खाली येत नाहीत. बाबूभाई म्हणाले, “कंडक्टर साब, अमरीका में तिकीट थोडी फाडनी है, हात ऊपरच रखो.” दोघं म्हातारे कितीतरी वेळ हसत होते.

चांद्याला जाऊन बाबांनी एक फोटो फ्रेम करून आणला आहे, बाबासाहेबांचा. काच फुटू नये म्हणून तो दोन लुगड्यांच्या मधे, हातातल्या बॅगेत जाणार. तुझ्या समोरच्या खोलीतल्या भिंतीचं मापही त्यांनी माझ्याकडून घेतलं. सोफ्याच्या वर किती जागा आहे, खिळा ठोकता येतो की नाही, सगळं. मी सांगितलं, जागा भरपूर आहे. ते खरंच आहे, समोरच्या खोलीत भिंत मोकळीच आहे.

आणि त्यांनी ठरवून टाकलं आहे. “प्रफुलच्या ऑफिसातले समदे बोलवाचे. बाळासाठी बुद्धवंदना घेतो मी. गोरा साहेब असला म्हून का झालं, तोही बसते सतरंजीवर.” सतरंजीही बॅगेत घालणार होते. ती मी काढून ठेवली.

ते येऊन त्या जेवणाच्या दुकानातही जाणार आहेत. ऑगस्टमध्ये तू मला ऑफिसच्या सगळ्यांबरोबर नेलं होतंस, ते मेक्सिको देशाचं जेवण. परत आल्यावर मी त्यांना त्याचं एवढं वर्णन करून सांगितलं की आता ते स्वतः जाऊन आल्यासारखं लोकांना सांगतात. परवा बसस्टँडवर मी भाजी घेत होते, हे बाबूभाईंच्या दुकानात बसून सांगत होते, “ऐका नं, भाताले पोळीत बांधते अन् चांदीच्या कागदात गुंडाळून देते, लहान पोराले दुपट्यात गुंडाळल्यावानी!” बाबूभाई म्हणाले, “अरे पण चावल को रोटी में कायको बांधते? दोनो अलग क्या बुरे है?” तुझे बाबा म्हणाले, जाऊन विचारून येतो.

त्याच जेवणाबद्दल लिहायचं आहे. इतकं पान भरलं तरी तिथपर्यंत यायला हात धजत नव्हता. पत्राच्या वर ‘जय भीम’ लिहिलं नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. तू नागपूरला हॉस्टेलला होतास तेव्हापासून प्रत्येक पत्रात आधी तेच लिहीत आले. आज लिहिताना थांबले. त्याचं कारण पुढं येतं.

त्या दिवशी रांगेत तू सर्वांत पुढं होतास आणि मी सर्वांत मागं, तुझ्या ऑफिसच्या मंजिरीबरोबर. तुला जे दिसलं ते मला दिसलं नाही, आणि मला जे वाटलं ते तुला कळलं नाही. म्हणून मला जसं दिसलं तसं लिहिते.

मला ते दुकान आवडलं होतं. तुमचे मोठमोठे साहेब लोक शाळेतल्या पोरांसारखे एकामागं एक उभे. मी तर सवयीनं रांग सरळ करायला निघाले होते. काचेच्या पलीकडे सगळं मांडलेलं : भात, त्यात कोथिंबीर आणि लिंबू. काळा राजमा. टमाट्याची कच्ची चटणी, मक्याचे दाणे, आणि तो हिरवा लगदा, जो मिरचीचा असेल म्हणून मी घाबरले आणि निघाला लोण्यासारखा. टोपी घातलेली मुलगी प्रत्येकाला विचारायची, हे घालू का, ते घालू का, किती घालू. आपण बोट दाखवायचं आणि तिनं वाढायचं. माझ्या आयुष्यात मी हजारो ताटं वाढली असतील, पण माझ्या ताटात काय हवं ते इतक्या वेळा मला कोणी विचारलं नव्हतं.

मग तू पुढून मान वळवून त्या मुलीला म्हणालास की ती सर्वांत मागची साडीवाली बाई माझी आई आहे, ती व्हेजिटेरियन आहे, माझ्यासारखीच. इतकं इंग्रजी मला कळतं. मंजिरी मला म्हणाली, “बरं झालं काकू, आपला तिघांचा एक ग्रुप.”

प्रफुल, त्या वेळी मला काय वाटलं ते तुला कळावं म्हणून हे सगळं लिहिते आहे. आषाढी पौर्णिमा होऊन गेली होती. मी दरवर्षीसारखा वर्षावास धरला होता. आश्विन पौर्णिमेपर्यंत मांस-मासळी बंद. तुझ्या घरी बाळंतिणीचं साधं जेवण मीच करत होते. तू मुकाट्यानं जेवत होतास, त्यामुळे मला वेगळं काही कळायचं कारण नव्हतं. रांगेत तू ‘माझ्यासारखीच’ म्हणालास तेव्हा मला वाटलं, पोरानं इतक्या लांब येऊनही वर्षावास धरला आहे आणि आईला बोललासुद्धा नाही. ऊर भरून आला माझा. तो बांधलेला भात हातात घेऊन मी टेबलाशी आले तेव्हा खरं सांगते, मला कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

टेबलाशी सुरुवात किती छान झाली होती. तुझ्या साहेबानं मला विचारलं, जेवण कसं आहे. मी म्हणाले, “राईस गुड. सॉल्ट लिटल लेस.” सगळे हसले. तू सर्वांत मोठ्यानं हसलास आणि माझ्याकडे असा बघत होतास, जसा पाचवीत पहिला आलास तेव्हा बाबांकडे बघत होतास. मला त्या दिवशीचं तेवढंच आठवत राहिलं असतं तर किती बरं झालं असतं.

मंजिरी म्हणाली, “काकू, तुम्ही प्रफुलला लहानपणापासून किती छान सवय लावलीत. चार वर्षं बघतेय, अंडंसुद्धा खात नाही.”

मी हसलेच. म्हणाले, “हा? अहो, तलावावर झिंगे निघाले की हा शाळा सोडून पळायचा. कच्चेच तोंडात टाकायचा. आता वर्षावास चालू आहे म्हणून पाळतोय.” तिला वर्षावास माहीत नव्हता. तिनं विचारलं, “म्हणजे चातुर्मास का?” मी म्हणाले, “नाही हो, आमचा वर्षावास. पावसाळ्यात भिक्खू एका ठिकाणी राहतात, म्हणून आम्हीही विहारात जमतो, ग्रंथ वाचतो, मांसाहार करत नाही.” मास्तरीण आहे, कोणी विचारलं की मी सांगतच सुटते. साहेबालाही उत्सुकता वाटली. मंजिरीनं त्याला इंग्रजीत सांगितलं. तो खूश होऊन तुझ्याकडे वळला आणि म्हणाला, अरे, तू बुद्धिस्ट आहेस? कधी बोलला नाहीस.

यापुढचं मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. चौथीचा गणिताचा तास घेऊन येते.

आले. एक तास लांबवला, तरी लिहायचं ते लिहावंच लागणार.

तू म्हणालास, “नो, नो. ओन्ली माय मदर.”

तू ते हसतच म्हणालास. जणू आपली आई जुन्या वळणाची आहे, तिचे उपासतापास चालायचेच. साहेब “ओह” म्हणाला आणि दुसरं काही बोलू लागला. मंजिरी एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. माझ्या हातातून राजमा गळून साडीवर पडला. तू कागदी रुमाल पुढं केलास, पण माझ्याकडे पाहिलं नाहीस. बाकीच्यांचं जेवण चालू होतं. त्यांच्या लेखी काहीच झालं नव्हतं.

गाडीत तू म्हणालास, “आई, तुले काऊन सांगाचं होतं?” मी तुझ्याकडे होते त्या सगळ्या दिवसांत तू पहिल्यांदा घरचं बोललास. एरवी मंजिरीशी पुण्याचं, रोशनीशीही तसंच, बाळाशी इंग्रजी. आपली बोली काढलीस ती आईवर चिडण्यासाठी.

मला राग आला होता, प्रफुल. लपवून ठेवत नाही. नऊ वर्षांचा असताना ज्या माणसानं आपल्या बापाचं बोट धरून मूलपासून चांद्यापर्यंत पायी चालत जाऊन दीक्षा घेतली, त्याचा तू मुलगा. एसटीत चढणाऱ्या प्रत्येकाला ज्याचा त्याचा नमस्कार परत देतो तो माणूस, रामराम, सलाम, गोंडांचा जय सेवा, आणि आपल्याकडून पहिला शब्द ‘जय भीम’. तीस वर्षांत एकही फेरी तो शब्द खाली ठेवलेला नाही. आणि तू एका घासात म्हणालास, फक्त माझी आई. मी त्या रात्री जेवले नाही. पोट भरलं आहे, असं रोशनीला सांगितलं.

तिनं ओळखलं. दुसऱ्या दिवशी तू ऑफिसला गेल्यावर तिनं मला सगळं सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, मी खोदून खोदून विचारलं म्हणून ती बोलली. तू पहिल्यांदा तिकडे गेलास तेव्हा आपल्या देशातल्याच तीन मुलांबरोबर एका घरात राहत होतास. तू तुझ्या पलंगावरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावलास. काही दिवसांनी त्या मुलांनी स्वयंपाकघरात तुला एक कप्पा दाखवला. तुझा कुकर, तुझं ताट, तुझा पेला यापुढे इथं ठेवायचा. कोणी शिवी दिली नाही, कोणी भांडलं नाही. फक्त कप्पा दाखवला. त्या महिन्यात तू घर सोडलंस, मग ते शहरही सोडलंस. आम्हाला फोनवर सांगितलंस, ऑफिस लांब पडतं म्हणून घर बदललं. नव्या गावात पहिल्या दिवशी कोणी विचारलं, चांदेकर म्हणजे कोकणातले का, तर तू नाही म्हणाला नाहीस. कोणी व्हेज का विचारलं, तर हो म्हणालास. तेव्हापासून तेच चालू राहिलं. फोटो कपाटात, कोटांच्या मागं. रोशनी तुझ्या नकळत कधीतरी त्याच्यावरची धूळ पुसते.

तो कुकर मी गोल बाजारातून घेतला होता. दुकानदारानं विचारलं होतं, लग्नात द्यायचा का? मी म्हणाले होते, नाही, मुलगा अमेरिकेला चालला आहे. तो कुकर त्या कप्प्यात एकटा ठेवलेला माझ्या डोळ्यांसमोर येतो आणि मग तुझ्यावरचा राग टिकत नाही. आधी त्या मुलांचा राग येतो, मग तुझा, मग परत त्यांचा. आणि शेवटी माझाच, की पोर फोनवर ‘ऑफिस लांब पडतं’ म्हणालं आणि मी एवढी शाळा शिकवणारी बाई, मला त्याचा आवाज ओळखता आला नाही.

तू भित्रा आहेस असं मी म्हणणार नाही. चिमूरकडे माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा मलाही खोली मिळाली ती आडनाव ऐकून, आणि पुढचं काही कोणी विचारलं नाही तर मीही बोलले नव्हते. डोक्यावर छप्पर हवं असतं माणसाला. पण मी संध्याकाळी त्याच खोलीत फोटोसमोर मेणबत्ती लावत होते, आणि तुझ्या बाबांना येऊ नका असं कधी कळवलं नाही.

मंजिरीबद्दलही लिहायला हवं. दुकानातून निघताना तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “काकू, ते वर्षावासाचं मला पुन्हा एकदा नीट सांगाल?” तिच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. चांगलंच असेल. तुला तिची भीती वाटते की कप्प्याची, हे तुझं तूच पाहा. दोन्ही एकच आहेत असं मला वाटत नाही, पण मी तिथं राहत नाही.

आता इकडचं ऐक. परत आल्यावर बाबांनी विचारलं, पोरगा कसा आहे. मी त्यांना जेवणाचं सांगितलं, रांगेचं, भाताचं, साहेबाला मीठ कमी आहे म्हणाले त्याचं. आणि सांगितलं, आपल्या प्रफुलनं तिकडे वर्षावास धरला होता. त्यापुढचं सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं, पण ते डोळे पुसायला लागले.

आश्विन पौर्णिमेला विहारात वर्षावासाचा समारोप झाला. ज्यांनी पाळला त्यांची नावं दरवर्षीसारखी वाचून दाखवली. वाचून झाली तेव्हा तुझे बाबा उभे राहिले आणि म्हणाले, “आणखी एक नाव लिहा जी. प्रफुल श्रीहरी चांदेकर, अमेरिका.” केवढ्या टाळ्या वाजल्या. मी बायकांमध्ये बसले होते. मीही वाजवल्या.

असं आहे सगळं. ते २१ जानेवारीला निघतात. विमानतळावर तुझ्याबरोबर जो कोणी उभा असेल, साहेब असो, मंजिरी असो, टॅक्सीवाला असो, त्याला ते कोटाचा हात वर करून काय म्हणतील ते तुला माहीत आहे. त्यांना मी काही शिकवून पाठवणार नाही. माझ्यानं ते होणार नाही.

तू कोणाला काय सांगावं, ते तू ठरव. नोकरी तुझी, शेजार तुझा, उद्या पोराला त्याच गावात शाळेत जायचं आहे. मी तिथं तीन महिने राहून आलेली बाई, मी तुला धडे देऊ शकत नाही. माझं मागणं एवढंच आहे. तुझ्या बाबांना गप्प बसायला सांगू नकोस. मी ते ‘ओन्ली माय मदर’ गिळलं, मला गिळता आलं. ‘ओन्ली माय फादर’ त्यांनी ऐकलं तर ते तुला काही बोलणार नाहीत, हसतील, आणि परत येऊन बाबूभाईंच्या दुकानात बसणार नाहीत. मला त्या माणसाला तसं बघायचं नाही.

त्यांना गप्प ठेवूनच घरात घ्यावं लागणार असेल, तर त्यापेक्षा त्यांनी येऊ नये. हे लिहिताना मला काय होतंय ते मलाच माहीत. नातवाला त्यांनी अजून मांडीवर घेतलेलं नाही. पण तसं असेल तर हे पत्र मिळाल्यानंतरच्या रविवारी मला फोनवर नेहमीसारखं ‘कार्ड संपलं’ म्हण. मी समजेन. माझा गुडघा दुखतो आणि मला एकटीला ठेवून कुठं जाता येत नाही, हे कारण तिकीट रद्द करायला पुरेसं आहे. त्यांना कधी कळणार नाही, आणि मी तुला पुन्हा विचारणार नाही.

आणि येऊ द्यायचं असेल, ते जसे आहेत तसे, तर त्या रविवारी बाबांना एवढंच म्हण, “येताना झिंगे आणजा.” विमानतळावर कोणी अडवलं तर ते बघून घेतील, आयुष्यभर लोकांची गाठोडी तपासली आहेत त्यांनी. आले की त्यांना त्या दुकानात ने, सगळ्यांबरोबर. बाबूभाईंचा प्रश्न त्यांना विचारायचाच आहे. फक्त रांगेत त्यांच्या पुढं जाऊ नकोस. मागं उभा राहा. काचेपलीकडच्या मुलीला ते काय म्हणायचं ते म्हणतील, भात जास्त मागतील, हिरव्या लगद्याला नाक मुरडतील. आणि साहेबानं तुला पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर काय म्हणावं ते मी सांगणार नाही. तेव्हा तुझे बाबा तुझ्यापुढं उभे असतील आणि त्यांना मागचं सगळं ऐकू येत असेल.

रोशनीला आशीर्वाद. बाळाला पापा. थंडीत त्याचे कान झाकत जा.

शाळा सुटली. पोरं ओरडत पळाली, आता मीही निघते. पोस्ट बंद व्हायच्या आत पोचायला हवं. मागच्या आठवड्यात तलावावर झिंगे निघाले होते, ते वाळवून डब्यात भरून ठेवले आहेत. काल बाबांनी विचारलं, “हे कोणासाठी वं?” मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

जय भीम.

तुझी आई,
बायनाबाई श्रीहरी चांदेकर